ग्रुपवर विचारताना, ग्रुपवर सांगताना

जर्मनीला शिकायला निघालेल्या एखाद्या मुलीने तिथल्या भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ब्लॉक्ड अकाउंटमध्ये किती पैसे भरायचे?’ असं विचारलं की अर्ध्या तासात तीन उत्तरं येतात. कुणी १०,३३२ युरो सांगतं, कुणी ११,२०८, कुणी ११,९०४. मग ‘मी स्वतः भरलेत, माझं ऐक’ अशी जुंपते. गंमत म्हणजे तिघेही खरं बोलत असतात. वर्षभराच्या खर्चाची हमी म्हणून २०२२ अखेरपर्यंत १०,३३२ युरो दाखवावे लागत, २०२३ च्या जानेवारीपासून ११,२०८ आणि सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४. प्रत्येकाने आपापल्या वर्षाचा आकडा दिला, फक्त वर्ष कुणी सांगितलं नाही. तिने यातला कुठलाही आकडा परस्पर धरू नये, अर्ज करायच्या दिवशी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर असेल तो धरावा. पण मग ग्रुपचा उपयोग काय? आहे, आणि पुष्कळ आहे. कोणती बँक खातं लवकर उघडते, पैसे पोचायला प्रत्यक्षात किती दिवस लागतात, व्हिसाच्या खिडकीवर कोणता कागद दोनदा मागतात, हे दूतावास सांगत नाही. ते ग्रुपच सांगतो.

परदेशात नव्याने गेलेल्या मराठी माणसाला सांगायचं ते एवढंच. ग्रुपवर अनुभव मिळतो, नियम मिळत नाही. अनुभव घ्यायचा तर त्याचं गाव, तारीख आणि कागद यांच्यासकट घ्यायचा. द्यायचा तर तसाच द्यायचा.

पूर्वी हे काम महाराष्ट्र मंडळं करत. लंडनचं मंडळ १९३२ चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. तिथे फराळाच्या रांगेत ‘अरे, टॅक्सचं असं कर’ म्हणणारे काका डोळ्यांसमोर उभे असायचे. ते किती वर्षं तिथे आहेत, नोकरी करतात की धंदा, त्यांचं कितपत मनावर घ्यायचं, हे आसपासच्या चौघांना ठाऊक असायचं. आता व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात आणि त्यांतल्या बहुतेकांची आपल्याला माहिती म्हणजे एक डीपी. सल्ला तोच, पण सल्ला देणाऱ्याचं वजन करायची सोय गेली. ती आता आपली आपण करावी लागते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं. नवी माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीतच असतं. स्थलांतरितांचे ग्रुप चालतात ते याच जोरावर. पण याला दुसरी बाजू आहे. नेदरलँड्समध्ये आलेल्या सीरियन निर्वासितांशी बोलून डच संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की समाजमाध्यमांवर वाटेल तेवढी माहिती असली, तरी ही माणसं विश्वास ठेवत ती आधीपासून ओळखीच्या असलेल्यांवर आणि स्वतः त्या वाटेने गेलेल्यांवर. कानावर आलेलं ते आपल्या खात्रीच्या माणसांकडून तपासून घेत. जिवावर बेतलेल्या प्रवासात त्यांनी पाळलेली ही रीत आपण निवांत सोफ्यावर बसून पाळत नाही, याचं मला नवल वाटतं. तोंडओळखीच्या माणसाकडून माहिती घ्या, पण ती ओळखीच्या माणसाकडून पारखून घ्या. गेल्या गेल्या दोन-तीन माणसं अशी जोडा, की ज्यांना थेट फोन करून ‘ग्रुपवर हे आलंय, खरं आहे का हो?’ असं विचारता येईल.

कोणाला काय विचारायचं, यालाही महत्त्व आहे. बारा वर्षं तिकडे राहिलेले दादा मुलांच्या शाळा, पेन्शन, घराचं कर्ज यांवर सोन्यासारखं बोलतील, पण व्हिसाच्या अर्जाबाबत त्यांचं ज्ञान बारा वर्षांपूर्वीचं असतं. तिथे तीन महिन्यांपूर्वी उतरलेली, अजून घर न मिळालेली मुलगी जास्त उपयोगी. जर्मनीत ब्लू कार्ड नावाच्या कामाच्या परवान्यावर असलेल्यांना कायमचा परवाना किती महिन्यांत मिळतो, असं जुन्या माणसाला विचाराल तर तो ३३ म्हणेल. २०२३ च्या नोव्हेंबरपासून ते २७ झालेत, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१. दादा खोटं बोलत नसतात, त्यांना बदल कळलेला नसतो, कारण त्यांना आता त्याची गरजच नसते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ग्रुपवर बोलतात ते ज्यांचं काम झालं ते. ‘व्हिसा मिळाला, सगळ्यांचे आभार’ हा संदेश रोज दिसतो. ज्याला नकार आला तो गप्प बसतो, महिनाभराने ग्रुप सोडतो, आणि घरच्यांनाही ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढंच सांगतो. त्यामुळे ग्रुप वाचून वाटतं की अमुक कागद नसला तरी चालतं, कारण तो नसताना ज्याचं चाललं तोच बोलला. ‘कुणाचं झालं?’ असं विचारता तेव्हा सोबत ‘कुणाचं अडलं? हवं तर मला वेगळा मेसेज करा’ असंही विचारा. चारचौघांत न सांगितलेलं लोक एकट्याला सांगतात.

प्रश्न कसा विचारता, यावर उत्तराचा निम्मा दर्जा ठरतो. ‘पासपोर्ट रिन्यूचं कुणाला माहीत आहे का?’ याला उत्तर म्हणून तीन अंगठे आणि एक जुनी लिंक येते. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘नमस्कार, मी श्टुटगार्टला राहते, ब्लू कार्डवर आहे. पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. गेल्या सहा महिन्यांत म्यूनिकच्या कॉन्सुलेटकडून कुणी रिन्यू केलाय का? किती आठवडे लागले, आणि जुना पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला का? वेबसाइट वाचली आहे, हे दोन प्रश्न तिथे सुटत नाहीत.’ या प्रश्नात गाव आहे (श्टुटगार्ट म्यूनिकच्या कॉन्सुलेटकडे येतं, फ्रँकफर्टच्या नाही, हेही बरेचदा लोकांना कळत नाही), परवान्याचा प्रकार आहे, काळ आहे, आणि नियम आपण स्वतः वाचलाय हे आहे. ज्याला खरोखर माहीत आहे तोच उत्तर देईल, बाकीचे गप्प राहतील. तेही उपकारच.

जर्मनीत १६ राज्यं आणि प्रत्येक शहराचं परकीय नागरिक कार्यालय आपल्या तऱ्हेने चालणारं. कायदा एक, पण बर्लिनला अपॉइंटमेंट मिळायची रीत वेगळी आणि म्यूनिकला वेगळी. अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स राज्याचं, कॅनडात आरोग्यविमा प्रांताचा. ‘अमेरिकेत असं असतं’ असं वाक्य कुणी लिहिलं की ‘कुठल्या राज्यात?’ असं विचारायला संकोच करू नका.

आता जरा थांबून एका शुक्रवारबद्दल सांगायला हवं, कारण अफवा, खरी बातमी आणि अनुभव हे तिन्ही एकाच रात्री एकाच ग्रुपवर कसे धावतात, ते त्यात दिसतं. १९ सप्टेंबर २०२५. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. अंमल २१ तारखेच्या मध्यरात्रीनंतर एक मिनिटाने, म्हणजे भारतात रविवारी सकाळी साडेनऊला. पितृपक्ष संपत आलेला, सोमवारी घटस्थापना. सणासाठी, आईवडिलांसाठी भारतात आलेली कितीतरी माणसं होती. मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन यांसारख्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं की अमेरिकेत असाल तर बाहेर जाऊ नका, बाहेर असाल तर मुदतीआधी परत या. सॅन फ्रान्सिस्कोहून दुबईला निघालेल्या एका विमानातून काही भारतीय प्रवासी उड्डाणाआधी उतरले. व्यापारमंत्री कॅमेऱ्यासमोर म्हणाले की ही रक्कम दरवर्षी भरावी लागेल. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, व्हाइट हाउसने स्पष्ट केलं की ती एकदाच भरायची, फक्त नव्या अर्जांना लागू, आणि ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना परत येताना काही भरावं लागणार नाही.

या काळात ग्रुपवर काय काय आलं असेल ते ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको. पण गंमत बघा. इथे ‘फक्त सरकारी माहितीवर विश्वास ठेवा’ हा नेहमीचा सल्लासुद्धा पुरा पडत नव्हता, कारण पहिलं चुकीचं वाक्य खुद्द मंत्र्याच्याच तोंडून आलं होतं. मग काय धरायचं? माझ्या मते अशा वेळी तीनच प्रकारचे संदेश वाचण्याजोगे असतात. पहिला, मूळ आदेशाचा मजकूर किंवा तो वाचून एखाद्या इमिग्रेशन वकिलाने स्वतःच्या नावाने लिहिलेलं टिपण. दुसरा, ‘मी आत्ता अमुक विमानतळावर उतरलो, अधिकाऱ्याने हे विचारलं, हे विचारलं नाही’ असा ताजा अनुभव. त्या क्षणी हा अनुभव कुठल्याही वर्तमानपत्राच्या पुढे असतो आणि ग्रुपखेरीज दुसरीकडे मिळत नाही. तिसरा, ‘माझ्या कंपनीने असं कळवलंय’, पण त्यात कंपनीचा सल्ला सावधगिरीचा आहे की कायद्याचा, हे वेगळं करून वाचायचं. कंपनीचा वकील आधी कंपनीची काळजी घेतो. ज्यांची गुंतागुंत मोठी आहे, म्हणजे जे नोकरी बदलण्याच्या मध्ये आहेत किंवा ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे, त्यांनी तासाभराची फी देऊन स्वतःचा वकील गाठलेला बरा. ‘कन्फर्म न्यूज आहे’, ‘आतल्या माणसाकडून कळलं’ हे बाकी सगळं सोडून द्यायचं.

आणि तिकीट काढण्याआधी स्वतःला विचारायचं, की मला हे आज रात्रीच करायला हवं का? त्या रात्री न्यू जर्सीत विमानतळाकडे निघालेल्याने प्रवास पुढे ढकलला तर ते शहाणपणच होतं. पण पुण्यात आईच्या ऑपरेशनसाठी आलेल्याने दुप्पट-तिप्पट भाड्याचं तिकीट काढायचं की एक दिवस थांबायचं, याचं उत्तर ग्रुपवरच्या १,०२४ माणसांकडे नव्हतं. तो निर्णय त्याचाच.

संकटात तर संदेशावरची वेळ जीव वाचवते किंवा घालवते. २ मार्च २०२२ ला खारकिव्हमधल्या भारतीयांना दूतावासाने सांगितलं की शहर ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहापर्यंत पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिवकाला पोचा, वाहन नसेल तर चालत जा. सहा वाजता म्हणजे युक्रेनच्या घड्याळाने. हाच मजकूर तारीख आणि वेळ गाळून दुसऱ्या दिवशी कुणी पुढे पाठवला, तर वाचणारा भलत्या वेळी रस्त्यावर उतरू शकतो. असा संदेश पुढे पाठवताना वर स्वतःच्या हाताने लिहा: कधीचा आहे, कुठल्या वेळेचा, कुठे पाहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी दुहेरी बाणाची खूण दिसली की समजायचं, पाठवणाऱ्याने तो लिहिलेला नाही आणि बहुधा तपासलेलाही नाही. असे संदेश २०२० च्या एप्रिलपासून एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतात. लोक मग मजकूर कॉपी करून चिकटवतात आणि खूण नाहीशी होते. तेव्हा खूण नाही म्हणून खरं, असंही नाही.

अर्धसत्याचा त्रास अफवेपेक्षा जास्त, कारण ते तपासायला गेलं तरी खरंच निघतं. २७ जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली, हे खरं. ‘म्हणजे आता जर्मन पासपोर्ट घेऊन भारतीयही ठेवता येतो’ हे खोटं, कारण अडवणारा कायदा जर्मनीचा नाही, आपला आहे. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यायचं, एवढाच मार्ग. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांच्या ग्रुपवर दर महिन्याला असंच एक अर्धसत्य फिरतं. व्हिसा बुलेटिन येतं, त्यात दोन तक्ते असतात, कुणीतरी दुसऱ्या तक्त्यातली तारीख पाहून ‘आपली तारीख लागली’ म्हणून पेढे वाटतो. पण अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांनी त्या महिन्यात कोणता तक्ता धरायचा हे यूएससीआयएस, म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं, वेगळं जाहीर करतं. ते पाहिल्याशिवाय पेढे नकोत.

उलटही होतं. जर्मनीत नवं घर घेतल्यावर काही आठवड्यांत दूरदर्शन-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. आपल्याकडचा माणूस म्हणतो, ‘माझ्याकडे टीव्हीच नाही, ही फसवणूक आहे, टाका कचऱ्यात’. ग्रुपवरही दहा जण दुजोरा देतात. ते पत्र खरं असतं, टीव्ही असो वा नसो. वर्गणी घरटी असते आणि घरात चौघे राहत असले तरी एकानेच भरायची असते. कचऱ्यात टाकणाऱ्याला पुढे दंडासकट वसुलीचं पत्र येतं.

आता जिथे पैसे बुडतात त्याकडे येऊ. ग्रुपवर मराठी नाव दिसलं की आपली सावधगिरी सैल होते. आपला माणूस आहे, फसवेल कसा? फसवणारा नेमकं हेच धरून येतो. जर्मनीतला ठरलेला प्रकार म्हणजे भाड्याचं घर. सुंदर फोटो, बाजारभावापेक्षा कमी भाडं, मालक ‘सध्या परदेशात’, डिपॉझिट भरलं की किल्ली पोस्टाने येणार. नियम सोपा आहे: घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने आतून पाहिल्याशिवाय आणि करार झाल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे. शिवाय नोंदणीसाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. ‘नोंदणी होणार नाही, पण घर स्वस्त आहे’ असं कुणी म्हणालं तर ते घर तुम्हाला बँक खात्यापासून कर क्रमांकापर्यंत सगळीकडे अडवेल.

दुसरा प्रकार फसवणुकीचा नसतो, चांगुलपणाचा असतो, म्हणून जास्त घातक. ‘मला भारतात पाच लाख हवेत, कुणाला रुपये युरोंत बदलायचेत का? तुम्ही माझ्या बाबांच्या खात्यात टाका, मी इथे देतो.’ दोघांचीही बँकेची फी वाचते. पण अधिकृत परवाना नसलेल्या माणसाशी परकीय चलनाचा असा व्यवहार करणं भारतीय फेमा कायद्यात बसत नाही. समोरच्याचे पैसे कुठल्या मार्गाने आलेत हे तुम्हाला माहीत नसतं. ते गुन्ह्याचे निघाले तर खातं तुमच्या वडिलांचं गोठतं. बँक किंवा परवानाधारक कंपनीची फी द्या, झोप नीट लागते.

तिसरं, सामान. ‘कुणी पुण्याहून येतंय का? अर्धा किलोचं पार्सल आहे, फक्त औषधं.’ नकार देताना जिवावर येतं, कारण उद्या आपल्यालाही कुणाला तरी सांगायचं असतं. पण कस्टमसमोर पिशवी ज्याच्या हातात, तोच तिचा मालक. काही वर्षांपूर्वी एका भारतीय जोडप्याला नातेवाईक बाईंनी दिलेल्या पुडक्यातून कतारच्या विमानतळावर चरस निघालं. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटका व्हायला २०२१ उजाडलं. पार्सल घ्यायचंच तर उघडून, एकेक वस्तू पाहून, आपल्या हाताने भरून घ्या. औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, त्यामुळे आजीने कढवलेलं तूपही त्यात आलंच.

आखातात जाणाऱ्यांसाठी वेगळं लिहायला हवं. रत्नागिरी, रायगडातून तिकडे जायची वाट जुनी आहे आणि नोकरीच्या जाहिराती आता फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात. जाहिरात आली की आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटचं नाव तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. दीड-दोन लाख मागितले की तिथेच थांबा. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ हे वाक्य ऐकलं तरी थांबा. आणि नोकरी थायलंडमध्ये ‘डिजिटल मार्केटिंग’ची असेल, पगार भरमसाट आणि मुलाखत पाच मिनिटांची असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ च्या सप्टेंबरमध्येच दिलेला इशारा वाचा. अशा जाहिरातींना भुलून गेलेल्यांना थायलंडमार्गे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबण्यात आलं. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं.

घेण्याचं झालं, आता देण्याचं. पहिली गोष्ट, फोटो. व्हिसा मिळाल्याचा आनंद सांगा, पण स्टिकरचा फोटो नको. लोक नंबरावर बोट ठेवून फोटो काढतात आणि खालच्या दोन ओळी तशाच राहतात. त्या बाणांनी भरलेल्या ओळींत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख सगळं पुन्हा असतं. फोनमधल्या हायलायटरने काळं केलेलं बरेचदा उजेड वाढवला की वाचता येतं. झाकायचं तर भरीव चौकोनाने झाका, नाहीतर तो भाग कापूनच टाका. बोर्डिंग पासचा बारकोडही तसाच.

अमेरिकेच्या व्हिसाअर्जात २०१९ पासून गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांच्या खात्यांची नावं द्यावी लागतात. २०२५ च्या जूनपासून विद्यार्थ्यांना आणि डिसेंबरपासून एच-१बी, एच-४ वाल्यांनाही ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलंय. एखादं खातं अर्जात लपवणं हे त्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा महागात पडू शकतं.

प्रत्येक देशाचा कायदा ग्रुपमध्येही आपल्यासोबत असतो. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ च्या जानेवारीत लागू झालेल्या सायबर कायद्यानुसार खोटी बातमी पसरवल्यास किमान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहम दंड आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटका नाही. तिथे कुणाच्या उपचारासाठी ग्रुपवर वर्गणी गोळा करणंही परवानाधारक संस्थेखेरीज कुणाला करता येत नाही. दुबईतल्या मराठी मंडळींनी मदतीचं आवाहन करण्याआधी हे पाहावं, हेतू कितीही चांगला असो. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना व्यवसाय म्हणून इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, फुकट दिला तरी. आपला अनुभव सांगणं वेगळं. पण ग्रुपवर ‘सगळ्यांचे फॉर्म मीच बघतो’ म्हणून बसलेल्या हौशी काकांनी जरा जपावं. कॅनडात पैसे घेऊन सल्ला देणारा नोंदणीकृत आहे का, हे त्यांच्या नियामक संस्थेच्या यादीत पाहता येतं. जर्मनीत तर सरकारी पैशाने चालणारी फुकट समुपदेशन केंद्रं आहेत, कारितास, डियाकोनी, आवो या संस्थांमार्फत, आणि ‘एमबीऑन’ या अ‍ॅपवर चॅटवरही सल्ला मिळतो. आपल्या लोकांना हे फार कमी ठाऊक असतं. ग्रुपवर पिन करण्याजोगी माहिती हीच.

उत्तर देताना ‘असं करावं लागतं’ ऐवजी ‘माझं असं झालं’ लिहा. पुढे गाव, महिना-वर्ष, व्हिसाचा प्रकार. माहीत नसेल तर न लिहिणं हेही उत्तरच. ‘बहुतेक असं असेल’ या उत्तराने प्रश्नकर्त्याचं काही भलं होत नाही, लिहिणाऱ्याचंच जरा समाधान होतं. चूक दिसली तर चारचौघांत खोडण्याआधी त्या माणसाला वेगळं कळवा, म्हणजे तो स्वतःच सुधारेल. अ‍ॅडमिन असाल तर दर सहा महिन्यांनी पिन केलेले जुने संदेश वाचून काढा आणि मुदत संपलेले काढून टाका. त्यांच्या अधिकृत वजनामुळेच ते जास्त फसवतात.

आणि ज्या मुलीने श्टुटगार्टहून पासपोर्टबद्दल विचारलं होतं, तिच्यासारख्यांनी काम झाल्यावर परत येऊन लिहावं. बहुतेक जण विचारतात, काम उरकतात आणि गायब होतात. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा शून्यापासून सुरू होतो. फार काही लागत नाही: ‘श्टुटगार्ट, म्यूनिक कॉन्सुलेट. अर्ज केला अमुक तारखेला, पासपोर्ट आला अमुक तारखेला. जुना त्यांनी ठेवून घेतला / परत दिला. पत्त्याचा अमुक पुरावा चालला, अमुक परत केला. फी इतकी.’ नकार आला असेल तर तोही, आणि दिलेलं कारण जसंच्या तसं. नाव द्यायचं नसेल तर अ‍ॅडमिनला पाठवा, तो निनावी टाकेल.